तंबोऱ्याची ओटी

राहात्यात बिभीषण गाडेकरला कुणी सुतार म्हटलं की तो लगेच दुरुस्ती करायचा. "सुतार दारं-खिडक्या करतो. मी खोकी करतो." ह्यात नेमका कसला मोठेपणा आहे ते कुणाला कळलं नव्हतं, पण तीस वर्षं पेरूची खोकी ठोकलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? पुढं प्लॅस्टिकचे क्रेट आले आणि पेरूनं लाकडाशी सोयरीक मोडली. तेव्हापासून शिर्डीच्या हॉटेलांचे आरसे, कुणाच्या संगमरवरी मूर्ती, बदली झालेल्या साहेबाचं कपाट, असलं काहीबाही तो बांधून द्यायचा. माझं खोकं आजवर परत आलं नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. खोकं तसंही परत येत नसतं, पण हे त्याच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

त्याच्याकडं एका सकाळी अस्तगावच्या केशरबाई आल्या आणि म्हणाल्या, "बिभीषण, विमानानं जाईल असं खोकं करून दे. तंबोरा पाठवायचाय."

केशरबाईंचे मालक गहिनीनाथ. दिवसभर डाळिंबाच्या बागेत आणि संध्याकाळी गाण्यात, असा माणूस. त्यांचा तंबोरा त्यांच्या गुरूंकडून आलेला, मिरजेत घडलेला, शंभरी कधीच ओलांडलेला. भोपळा केवढा तर दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा, आणि इतक्या वर्षांनी असा वाळलेला की नुसतं नख लागलं तरी आवाज देई. दोन वर्षांपूर्वी गहिनीनाथ गेले. जाण्याआधी त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, तंबोरा राजेश्वरीला द्यायचा. ही राजेश्वरी गावातलीच मुलगी, अकरा वर्षं त्यांच्यापुढं बसून शिकलेली. आता ती बेंगळुरूला गाणं शिकवत होती.

अडचण होती ती त्यांच्या पोराची, कल्याणची. त्याचं शिर्डीत हॉटेल. माणूस वाईट नव्हता, पण बापाची आठवण म्हणून तंबोरा हॉटेलात, खोल्यांच्या चाव्या देतात त्या टेबलामागच्या भिंतीवर टांगायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भिंतीला हूक मारून झाला होता, वरून उजेड पडायला छोटा दिवाही बसला होता. आईनं बापाचा शब्द सांगितला तेव्हा तो "बघू" म्हणाला. आपल्याकडं "बघू" म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. सध्या तो बायकापोरांना घेऊन तिरुपतीला गेला होता आणि गुरुवारी संध्याकाळी परतणार होता.

"म्हंजे तो यायच्या आत?" बिभीषणनं विचारलं.

"गुरुवारी सकाळच्याला. बुधवारी इमान भरलेलं हाय म्हनत्यात." केशरबाई खुर्चीवर टेकल्या. "आल्यावर सांगीन की त्याला, लपवायचं न्हाई मला. पर एकदा गेलेलं मागं बोलवायला त्याला जमायचं न्हाई, आनि एकदा भितीवर चढलेलं खाली उतरवायला मला जमायचं न्हाई."

रेल्वेनं पाठवा, ट्रकनं पाठवा, हे मार्ग राजेश्वरीनंच बंद केले होते. तिची बाजाची पेटी एकदा ट्रकनं गेली होती ती पोचेपर्यंत सरपण झाली होती. दुधानं तोंड पोळलेली ती बाई आता ताक फुंकून पीत होती. पुण्याचे पॅकिंगवाले यायला तयार होते, पण परक्या माणसाला त्या तंबोऱ्याला हात लावू द्यायला केशरबाई तयार नव्हत्या.

बिभीषणनं काम घेतलं आणि मग त्याला घाम फुटला. आरसा फुटला तर दुसरा मिळतो. हा भोपळा फुटला तर ज्या वेलाला तो लागला होता त्या वेलाची मातीसुद्धा आता शोधून सापडणार नव्हती.

त्यानं दोन खोकी केली, एकात एक. आतल्या खोक्यात स्पंज कापून तंबोऱ्याचा अख्खा आकार उतरवला. भोपळा बुडावर टेकणार नाही, कडेनं तोलला जाईल, असं कडं केलं. बाहेरचं खोकं प्लायवूडचं, आणि दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी तीन बोटं जागा. त्या जागेत फक्त आठ कोपऱ्यांना मऊ स्पंजाचे ठोकळे, बाकी सगळी पोकळी. बाहेरच्या खोक्याला धक्का बसला तरी तो त्या पोकळीतच विरला पाहिजे, आतपर्यंत पोचता कामा नये. खिळा एकही नाही, सगळे स्क्रू, कारण हातोड्याच्या ठोक्यानंच निम्मी नाजूक वस्तू जाग्यावर मरते. मग त्यानं कुंभाराकडून एक पातळ गाडगं आणलं, तंबोऱ्याच्या जागी बसवलं आणि ते सगळं टेम्पोच्या फाळक्यावरून दोनदा खाली ढकललं. शेजारचा टायरवाला बघत उभा राहिला, त्याला वाटलं गाडेकरचं डोकं फिरलं. गाडग्याला चीरही गेली नाही. बिभीषणनं त्या दिवशी बायकोकडून दोनदा चहा मागून घेतला.

गुरुवारी सकाळी तो अस्तगावात पोचला. केशरबाईंनी तंबोरा पुसून सतरंजीवर ठेवला होता. त्यानं तारा सैल केल्या, पण अगदी सोडल्या नाहीत. पार सोडल्या तर तारांखालची घोडी जागची हलते, आणि ताणलेल्या ठेवल्या तर विमानातल्या गारठ्यात दांडीवर ओढ येते, हे राजेश्वरीनं फोनवर चारचारदा बजावलं होतं. घोडीखाली त्यानं फ्लॅनेलचा तुकडा सारला, तंबोरा आतल्या खोक्यात निजवला, झाकण लावलं, आणि ते खोकं बाहेरच्या खोक्यात उतरवलं.

केशरबाई वाकून बघत होत्या. "ही मधली जागा कशाला रं?"

"असू द्या, मावशी. लागती," बिभीषण म्हणाला.

इथं त्याचं चुकलं. दोन वाक्यं जास्त बोलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण खोक्याची विद्या गिऱ्हाइकाला सांगायची नाही हा त्याचा जुना बाणा. तो वर स्पंजाची गादी पसरून स्क्रूचं मशीन आणायला टेम्पोकडं गेला, तिथं त्याला फोन आला, आणि तो परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली. आल्यावर त्यानं झाकण ठेवलं आणि चोवीस स्क्रू पिळले. केशरबाई तुळशीपाशी उभ्या होत्या, त्याच्याकडं पाठ करून.

केशरबाईही टेम्पोतून बरोबर निघाल्या. शिर्डीचं विमानतळ काकडी गावात, तिथं मालाची खिडकी एका बाजूला आहे. तिथं पंकजा नावाची मुलगी कागद करत होती, मूळची पाथर्डीकडची, बोलायला चटपटीत, गळ्यात मंगळसूत्र आणि त्यावर ओळखपत्राचा पट्टा. तिनं वजन केलं, माप घेतलं, "नाजूक" लिहिलेले लाल कागद चारी बाजूंनी चिकटवले. पाठवणाऱ्याच्या जागी केशरबाईंचं नाव घालून त्यांची सही घेतली. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग खोकं तपासणीच्या यंत्रात गेलं आणि तिथंच थांबलं.

यंत्रावरच्या जवानानं पंकजाला बोलावलं. तिनं पडद्याकडं पाहिलं आणि बाहेर येऊन विचारलं, "मामा, खोक्यात काय काय आहे?"

"तंबोरा."

"आणि?"

"आनि काय असनार?"

"बाजूला एक गोल वाटी दिसतीय. लहान लहान कडक वस्तू आहेत चार-पाच. खोबरं ठेवलंय का?"

बिभीषणला हा आपल्या तीस वर्षांचा अपमान वाटला. "मी काय किरानावाला हाय? हे खोकं माझ्या हातचं हाय. त्यात तंबोरा आनि हवा, तिसरं काई न्हाई."

"मग उघडून दाखवा," पंकजा म्हणाली. "सुकं खोबरं असलं तर जाणार नाही. तेलकट असतं, आतल्या आत तापून पेट घेतं. आणि दीड वाजता खिडकी बंद होते. बारा चाळीस झालेत."

त्यानं टेम्पोतून मशीन आणलं आणि तावातावानं स्क्रू काढायला सुरुवात केली. चोविसावा निघाला, झाकण बाजूला झालं, गादी उचलली. आणि दोन खोक्यांच्या मधल्या, त्यानं जिवापाड मोकळ्या ठेवलेल्या जागेत हिरवा खण दिसला. त्यात खोबऱ्याची वाटी, गहू, हळकुंडं, खारका, बदाम, हळद-कुंकवाची पुडी. सुपारी निसटून खाली गेली होती आणि बरोबर भोपळ्याच्या अंगाला, दोन्ही खोक्यांच्या मध्ये पाचरीसारखी बसली होती.

त्यानं ती सुपारी बोटानं हलवून पाहिली, ती हलेना. कुणी हमालानं खोकं नुसतं टेकवलं असतं तरी धक्का त्या सुपारीतून सरळ आत गेला असता. बेंगळुरूला तंबोरा पोचला असता, फक्त तीन-चार तुकड्यांत. खोबऱ्याच्या नियमापायी तो वाचला होता.

"मावशी," तो वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला होता, "हे कुनी ठेवलं?"

केशरबाई बाकावर बसल्या होत्या. जवान बघत होता, पंकजा बघत होती, मागं फुलांची खोकी घेऊन आलेला एक जण मान लांब करून बघत होता.

"मीच," त्या म्हणाल्या. "तू जागा ठिवली हुतीस. मला वाटलं, ओटीसाठीच ठिवली आसंल, तोंडानं कसं सांगायचं म्हनून बोलला न्हाईस. मला लेक न्हाई, बिभीषण. घरातनं कुनाची पाठवनी केली न्हाई मी कवा. रिकामं कसं लावून द्यायचं?" मग त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. "चुकलंच माझं. आपल्याला माहीत असून केलं. ओटी भरायचा आता मला काय अधिकार हाय? माझा हात लागला म्हनून अडलं ते. चल, टेम्पोत घाल. घरी जाऊ."

बिभीषणचा राग जागच्या जागी विझला. त्यानं असं काही ऐकायची तयारीच केली नव्हती.

"तसं न्हाई ओ, मावशी. खोबरं कुनी ठिवलं तरी अडलं असतं. त्यात तेल असतं."

"तेलाचं निमित्त झालं."

"अवो, नियम हाय त्यांचा."

"इतक्या दिवसांत तुझं खोकं कधी अडलं हुतं?"

ही फुशारकी त्यानंच साऱ्या तालुक्याला ऐकवली होती. तो समजावत राहिला आणि त्या मान हलवत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. "ते गेले तवापासनं माझ्या हातानं कुठलंच शुभ काम पुढं सरकत न्हाई," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, भाव सांगावा तसं. "ऱ्हाऊ दे. कल्यानच्या भितीवर तरी धड ऱ्हाईल ते. तितं गेलं आनि फुटलं तर मी काय तोंड दाखवू त्यांना वर?"

एक वाजायला आला होता. संध्याकाळी कल्याण परतणार होता आणि हूक तयार होता.

बिभीषणला त्या वेळी आपली बहीण आठवली आणि त्याला ते आवडलं नाही. गोजरबाई बावीस वर्षांपूर्वी कपाळ पुसून माहेरी आली होती. तो आणि त्याची बायको दुकानात खोकी ठोकत असताना त्याच्या पोरीला, संस्कृतीला, तिनंच न्हाऊ-माखू घालून मोठं केलं. गेल्या वर्षी संस्कृतीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी तिची ओटी भरली, आणि आक्का तेवढा वेळ आत भांडी लावत होती. कुणी तिला आत जा म्हटलं नव्हतं. बाहेर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं, त्यानंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं, आणि आत्ता ह्या खिडकीपुढं उभं राहून त्याला त्याची लाज वाटली.

पंकजा उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक पुठ्ठ्याचं मोठं खोकं पायानं ढकलत घेऊन आली. ते तिनं केशरबाईंपुढं ठेवलं.

"आजी, हे बघा."

आत खोबऱ्याच्या वाट्या होत्या. शंभर तरी असतील. काहींवर कुंकवाची बोटं, काहींना हळद लागलेली, एकीत अजून अक्षता चिकटलेल्या.

"प्रवाशांच्या बॅगांतल्या आहेत," पंकजा म्हणाली. "लग्नं करून निघालेल्या नव्या नवऱ्या, शिर्डीला जोडीनं आलेल्या बायका. सगळ्या सवाष्णींनी भरलेल्या ओट्या. ह्या पंधरा दिवसांतल्याच आहेत, आधीच्या तर मोजल्याच नाहीत. माझ्या आईनं मला दिलेली वाटी पण मी इथंच काढून घेतली, माझ्याच हातानं."

केशरबाईंनी हात घातला आणि वाट्या खालीवर केल्या. एक उचलून कुंकू पाहिलं, ठेवली, दुसरी उचलली. बराच वेळ त्या तसं करत बसल्या. फुलवाला आपलं काम विसरून तिथंच उभा होता.

"इतक्या जनींचं अडलं?" त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचं अडतं. आम्ही हात बघत नाही, आजी, खोबरं बघतो."

केशरबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी ते पदरानं टिपलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "मग आसं कर पोरी, तूच भर. गहू चालत्यात ना? तू सवाष्न हायेस, तुझ्या हातानं हू दे."

"मला नाही चालत," पंकजा म्हणाली. "आमच्या कुणाच्याच हातानं पार्सलमध्ये काही ठेवता येत नाही. जो पाठवतो त्यानंच भरायचं. कागदावर तुमचं नाव आहे. तुम्ही नाही भरलीत तर रिकामंच जाईल."

केशरबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग बिभीषणकडं. बिभीषणनं नियम ह्या शब्दाला एवढी वर्षं शिव्याच घातल्या होत्या, पण आज त्यानं मान डोलावली.

"आनि आता नीट ऐका, मावशी," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाइकाला खोकं समजावून सांगितलं. पोकळी कशाला, धक्का कुठून येतो, सुपारीनं काय झालं असतं. केशरबाईंनी सुपारीची जागा बघितली आणि गालावर हात ठेवला. मग त्यानं आतलं खोकं उघडलं, खुंट्यांच्या बाजूचा स्पंजाचा एक तुकडा काढला. "इथं मऊ काहीतरी लागतंच. खनात गहू सैलसर बांधा. त्ये हितं बसंल, आनि कामालाही येईल."

त्यांनी खण मांडीवर पसरला. पाच मुठी गहू मोजून घातले, चिमूटभर हळद-कुंकू टाकलं, पुरचुंडी बांधली. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही आणि कुणापासून लपवलंही नाही. पुरचुंडी तंबोऱ्याच्या माथ्याशी ठेवून त्यांनी दांडीवरून एकदा हात फिरवला. "नीट जा," त्या म्हणाल्या.

एक वाजून बावीस मिनिटांनी चोविसावा स्क्रू बसला. यंत्रावरच्या जवानानं ह्या वेळी अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीचा फोन आला. भोपळा, दांडी, घोडी, सगळं जागच्या जागी होतं. तिनं तारा लावून फोन तंबोऱ्याजवळ धरला आणि केशरबाई उंबऱ्यात बसून पाच मिनिटं ते ऐकत राहिल्या. कल्याण दोन दिवस घुम्यासारखा वागला, मग त्यानं त्या हुकावर घड्याळ टांगलं. बिभीषणला राजेश्वरीनं आणखी दोन गिऱ्हाइकं मिळवून दिली, त्यामुळं तो पुन्हा पहिल्यासारखा बढाया मारू लागला.

पुढच्या आठवड्यात संस्कृती चार दिवस माहेरी आली होती. सोमवारी तिला संगमनेरला सासरी परतायचं होतं. गाडी दाराशी लागली, बिभीषणच्या बायकोनं ओटीचं ताट आणलं, शेजारच्या दोघी आल्या. गोजरबाई उठली आणि नेहमीप्रमाणं आत निघाली.

"आक्का," बिभीषण म्हणाला, "बस हितंच. आज पहिली ओटी तू भर."

गोजरबाई थबकली. "काहीतरीच. माझ्या हातानं नको रं. पोरीचा संसार हाय."

"पोर तुझ्या हातानंच वाढलीय. त्या हातानं तिचं काय वाईट झालं?"

शेजारणींपैकी एकीनं घसा खाकरला. बिभीषणनं तिकडं लक्ष दिलं नाही. त्याच्या बायकोनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि ताट गोजरबाईपुढं सरकवलं. संस्कृती पाटावरून उठली, आत्याच्या समोर येऊन बसली आणि तिनं पदर पसरला.

गोजरबाईनं हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. ताटात सगळं होतं, हळद-कुंकू, तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी. तिचा हात एकेका वस्तूवर जाऊन थांबत होता आणि मागं येत होता. बिभीषणला आधी वाटलं ती घाबरलीय. मग तिनं भावजयीकडं मान वळवून हळूच विचारलं, "आधी काय घालत्यात गं?"

बावीस वर्षांत ती विसरून गेली होती.

संस्कृती पदर तसाच धरून राहिली आणि म्हणाली, "आधी कुंकू लाव, आत्या."